एकदाच्या शिबिराने भागत नाही



या पानावर आम्ही बहुधा लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट, हुमणी असल्याच विषयांवर लिहीत असतो. या खेपेचा विषय निराळा आहे. तो आमच्या एका ओव्हरसिअरला सांगितला तेव्हा तो मान खाजवत म्हणाला, "साहेब, ह्यो शेतकी खात्याचा इषय न्हाई." त्याचे म्हणणे खोटे नाही. पण येत्या हंगामात कारखाना तळावर ऊसतोडणीच्या बायकांसाठी आणि सभासदांच्या घरच्या भगिनींसाठी आरोग्य शिबीर घ्यावे, असा विचार सध्या चालू आहे. एक दिवस, एक मंडप, बाहेरगावचे डॉक्टर, उद्‌घाटन, नारळ, चहा. विचार चांगला आहे आणि तो ऐकून आम्हांला आनंदच झाला. पण सोबत एक शंकाही आली, आणि ती बोलून न दाखवता गप्प बसणे बरे वाटत नाही.

आता बघा, तोडणीचा कार्यक्रम आपण कसा लावतो? प्रत्येक फडाचा ऊस काही प्रयोगशाळेत नेत नाही. चिटबॉय फडात शिरतो, कांडीला भोक पाडतो, थेंबभर रस हँड रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवतो आणि उजेडाकडे तोंड करून ब्रिक्स वाचतो. हे काम दहावी शिकलेला पोरगा करतो आणि नीट करतो. ज्या फडाची शंका येते तेवढ्याचाच नमुना पुढे जातो. पण नुसता ब्रिक्स पाहून आपण थांबलो, पुढे टोळीच पाठवली नाही, तर त्या आकड्याचा उपयोग काय? आणि मोसमात एकदाच पाहून भागते का? ही गोष्ट तुम्हां-आम्हांला उसाच्या बाबतीत पक्की ठाऊक आहे. माणसांच्या बाबतीत मात्र आपण ती विसरतो.

मुंबईत एका डॉक्टराने आपल्या नोकरीची बरीच वर्षे नेमकी याच कामात घातली. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री. टाटाचे नाव आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? १९४१ साली ते उघडले आणि तेव्हापासून आपल्या भागातला माणूस तिथे जातो तो बहुतेक वेळा सगळे हातचे गेल्यावर. शास्त्री त्याच हॉस्पिटलात कर्करोग प्रतिबंधाच्या विभागाचे प्रमुख होते. म्हणजे शस्त्र हातात न घेणारा, आजार होण्याआधी किंवा तो कोवळा असताना गाठणारा विभाग. असल्या डॉक्टराच्या नावाने कोणी पेढे वाटत नाही, कारण त्याने वाचवलेल्या बाईला आपण वाचलो हे बहुधा कळतसुद्धा नाही.

१९९८ साली टाटाच्या मंडळींनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठी चाचणी सुरू केली. वस्त्यांचे २० गट पाडले. त्यांतल्या १० गटांतल्या ३५ ते ६४ वर्षांच्या ७५,३६० बायकांची दर दोन वर्षांनी, अशा एकूण चार फेऱ्या तपासणी. उरलेल्या १० गटांतल्या ७६,१७८ बायकांना कर्करोगाबद्दल माहिती सांगितली आणि नेहमीची जी काय दवाखान्याची सोय असेल ती राहू दिली. तपासणी दोन गोष्टींची होती, छातीची आणि गर्भपिशवीच्या तोंडाची. छातीच्या तपासणीचे काम शस्त्रवैद्य डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या पुढाकाराने, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची बाजू शास्त्री यांनी लावून धरली.

तपासणीची रीत ऐकाल तर हसाल. चार-पाच टक्क्यांचे व्हिनेगर, म्हणजे आपण लोणच्यात घालतो त्याच जातीचे आम्ल, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या तोंडाला लावायचे, एक मिनिट थांबायचे आणि चांगल्या दिव्याच्या उजेडात पाहायचे. जिथे पेशी बिघडायला लागल्या असतील तिथे पांढरा डाग उमटतो. बस्स. सूक्ष्मदर्शक नको, प्रयोगशाळा नको. परदेशात या कामी पॅप चाचणी कित्येक दशके चालते, पण तिला नमुना पाठवायला, काच वाचायला शिकलेली माणसे लागतात, निकाल यायला दिवस लागतात. आपल्या देशात तेवढी माणसेही नाहीत आणि एकदा गेलेली बाई निकाल घ्यायला परत येईल याचा नेमही नाही.

हे पांढरे डाग पाहण्याचे काम डॉक्टरांनी केले नाही, हे आम्हांस सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. ते केले दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांनी, चार आठवड्यांचे शिक्षण घेऊन. शंका आली तरच बाई पुढे टाटात, डॉक्टरांकडे. उपचार फुकट.

मुंबईची वस्ती ज्यांनी पाहिली नाही त्यांना यातली मेहनत कळायची नाही. आमचे मामा बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून घाटकोपरला गेले आणि असल्फ्याच्या डोंगरउतारावर राहिले. आमची मामेबहीण अजून तिथेच आहे. तिच्याकडे पहिल्यांदा एकटे गेलो तेव्हा स्टेशनापासून वीस मिनिटांत पोचलो आणि पुढे तिची खोली शोधायला पाऊण तास लागला. खांद्याएवढी गल्ली, वर चढत जाणाऱ्या पायऱ्या, डाव्या हाताला दार, उजव्या हाताला दार. सकाळी पाण्याची वेळ, दुपारी बाई धुण्याभांड्याला बाहेर, संध्याकाळी स्वयंपाक. आणि घरात दहा बाय दहाच्या खोलीत सासू, दीर, पोरे. अशा ठिकाणी परक्या बाईने यायचे आणि म्हणायचे, चला, वस्तीतच दवाखाना मांडला आहे, तुमची तपासणी करायची आहे, आणि तीही त्या जागेची! आपल्या घरच्या बाया असल्या गोष्टीला कशा तयार होतील ते तुम्हीच मनाशी ताडून पाहा. तरीही त्या चाचणीत शंभरातल्या ८९ बायकांनी भाग घेतला. आम्ही गेली कित्येक वर्षे माती परीक्षणासाठी सभासदांच्या मागे लागतो आहोत. आमचा आकडा छापण्यासारखा नाही, तो राहू द्या.

निकाल २०१३ च्या जूनमध्ये शिकागोला, कर्करोगतज्ज्ञांच्या मोठ्या अधिवेशनात शास्त्री यांनी मांडला. तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. त्यात एक बारकावा आहे. कर्करोग सापडण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले, मरणे मात्र कमी झाली. म्हणजे एकीकडे आजार वेळेवर हाती लागला, दुसरीकडे उशिरा. ज्या व्यासपीठावर लाखो रुपयांच्या औषधांच्या गोष्टी होतात तिथे त्या दिवशी व्हिनेगर आणि दहावी पास बाई यांची गोष्ट झाली. सारा देश असे करील तर वर्षाला सुमारे २२ हजार मरणे टळतील, असा हिशेबही त्यांनी मांडला. पुढे शास्त्री अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात गेले. छातीच्या तपासणीचा निकाल त्यानंतर २०२१ मध्ये छापून आला. त्यात सगळ्या वयांचा मिळून फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही, पण पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. हेही त्यांनी लपवले नाही. जेवढे निघाले तेवढेच सांगितले.

यातली एक बाब आम्हांला पचायला जड जाते, तीही सांगतो. आम्ही शेतकी खात्यातली माणसे, कंट्रोल प्लॉट म्हणजे काय ते आम्हांला शिकवायला नको. नव्या खताची परीक्षा घ्यायची तर शेजारचा वाफा बिनखताचा ठेवावा लागतो, नाहीतर तुलना कशाशी करणार? पण वाफ्यातला ऊस पिवळा पडला तर एकरी दोन टनांचे नुकसान होते. इथे बिनतपासणीच्या गटात बायका होत्या. अमेरिकेतले डॉ. एरिक सुबा यांनी यावर कडक टीका केली. भारतातल्या अशा तीन चाचण्या मिळून, ज्या बायकांची तपासणी केली नाही त्यांतल्या २५४ जणी या रोगाने गेल्या, तपासणीने फायदा होतो हे पॅप चाचणीवरून आधीच माहीत होते, आणि संमती घेताना बायकांना पुरेसे सांगितले गेले नाही, असे त्यांचे म्हणणे. टाटाच्या बाजूने उत्तर असे की या देशात त्या वेळी कोणालाच तपासणी मिळत नव्हती, म्हणजे त्या बायकांचे काही काढून घेतले नव्हते. आणि पुरावा दिल्याशिवाय सरकार हलले नसते. आमचे मत विचाराल तर संमतीच्या बाबतीत टीका योग्य आहे. गरीब बाईला कागद वाचून दाखवणे आणि तिला समजणे यांत अंतर असते, हे कर्जाच्या कागदावर अंगठा देणाऱ्या आपल्या पिढीला कोणी सांगायला नको. पण त्यापुढे आम्हांस असे वाटते की २०१३ नंतर बिनतपासणीच्या वाफ्यात आपण सगळेच उभे आहोत. तेव्हा निदान पुरावा नव्हता. आता तो आहे.

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. २०१६ साली केंद्राने चौकट घालून दिली: तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची तोंडाची, आणि बायकांची छातीची व गर्भाशयमुखाची तपासणी, दर पाच वर्षांनी, हीच व्हिनेगरची रीत, आपल्याच आरोग्य केंद्रांमार्फत. कागदावर उत्तम. पण २०१९ ते २१ मध्ये देशभर झालेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या किती बायकांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतली होती? शंभरात दोनसुद्धा नाहीत. १.९ टक्के. आणि २०२२ च्या जागतिक अंदाजाप्रमाणे वर्षाला भारतात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कर्करोग होतो आणि ८० हजारांच्या घरात मरतात.

त्या ८० हजारांसारखीच एक आमच्या घरातली. आमच्या थोरल्या काकू. आम्ही कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो, २००१ साल. पाळी जाऊन चार वर्षे झालेल्या बाईला पुन्हा अंगावरून जाऊ लागले. घरात म्हणाले उष्णता आहे. एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शने दिली, आठ महिने दिली. त्या आठ महिन्यांत एकदाही कोणी आत पाहिले नाही. पाहायला वेळ लागला असता तो पाच मिनिटे. शेवटी सोलापूरला नेले तेव्हा कंबरेपर्यंत दुखणे गेले होते. काकूंनी आम्हांला लहानपणी शेतात पाणी कसे धरायचे ते शिकवले होते. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तो त्यांना अंथरुणावरून उठवून बसवायला. मुंबईत तेव्हा व्हिनेगरच्या फेऱ्या चालू होत्या, हे आम्हांला खूप वर्षांनी कळले.

आता आपल्या शिबिराच्या मुद्द्याकडे येऊ. मुंबईचेच उदाहरण कशाला, आपल्या जवळचे घ्या. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने, टाटा आणि फ्रान्समधल्या लिऑंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या जोडीने, त्या वेळच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,३१,७४६ बायकांवर अशीच चाचणी केली. तिचा निकाल २००९ मध्ये आला. तिथे प्रत्येक बाईची एकदाच तपासणी झाली. त्यात व्हिनेगरने मृत्यू ठामपणे कमी झाल्याचे दिसले नाही, पॅपनेही नाही. ज्या विषाणूमुळे हा रोग होतो त्याची चाचणी ज्या गटात केली, त्या गटात मात्र मरणे जवळजवळ निम्म्यावर आली. मुंबईत तेच व्हिनेगर चार वेळा लावले आणि गुण आला. उलट तामिळनाडूत दिंडीगुळ जिल्ह्यात एकाच फेरीत चांगला फायदा झाला हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तिथे शिकवलेल्या परिचारिका होत्या आणि शंका आली तर पुढची तपासणी आणि उपचार जागच्या जागी, त्याच भेटीत.

म्हणजे फेऱ्या तरी पुन्हा पुन्हा हव्यात, नाहीतर चाचणी भारी हवी, नाहीतर उपचार हातासरशी हवा. आपल्या एक दिवसाच्या मंडपात यांतले एकही नाही. मंडप उठल्यावर ज्या बाईला पांढरा डाग दिसला तिचे काय? तिला चिठ्ठी देणार, जिल्ह्याला जा म्हणणार. ती तोडीवर आहे. एक खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. ती जाणार नाही, आणि मनात मात्र कॅन्सरची भीती घेऊन बसणार. ही भीती काय करते ते बीड जिल्ह्याने २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, तर "पुढं कॅन्सर हुईल" असे सांगून पिशवी काढायची, आणि खाडा पडायला नको म्हणून बाईनेही मान डोलवायची. कित्येक तिशी-पस्तिशीच्या. नीट तपासणी झाली असती तर त्यांतल्या पुष्कळ जणींना साध्या औषधाने बरे वाटले असते. तपासणी हे रोग शोधण्यासाठी असते तसेच रोग नाही हे सांगण्यासाठीही असते. त्या बायका आपल्यासारख्याच कारखान्यांच्या फडांत वाकल्या होत्या. आपल्या साखरेच्या पोत्याला त्यांचा हात लागलेला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मंडपाचा खर्च वाचवा आणि त्यातून वही सुरू करा. तळावर कोपी पडल्या की पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक कोयत्यामागे बाईचे नाव, गाव, वय लिहायचे, जसे आपण क्षेत्र नोंदवतो. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची तपासणी तालुक्याच्या आरोग्य खात्याला सांगून तळावरच करून घ्यायची, रात्रपाळीची मोळी टाकून बाई मोकळी होते त्या वेळी, मंत्र्यांच्या वेळेनुसार नव्हे. ज्यांची शंका येईल त्यांना त्याच आठवड्यात जिल्ह्याला नेण्यासाठी शेतकी खात्याची जीप द्यावी. हंगामात ती एक दिवस नसली तर काही बिघडत नाही, हे आम्ही स्वतः वापरणारे म्हणून सांगतो. त्या दिवसाचा खाडा मुकादमाने धरू नये, त्याची रक्कम कारखान्याने भरावी. आणि बाईजवळ एक कार्ड द्यावे, म्हणजे ती पाडव्यानंतर गावी गेली की तिथल्या आशाताईला पुढचे कळेल. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, अशी बाई दोन्हीकडच्या यादीतून नेमकी निसटते. सभासदांच्या घरच्या भगिनींसाठी हेच गट ऑफिसला. प्रत्येक गटातून दोन शिकलेल्या मुली या कामासाठी तयार करता येतील. मुंबईत चार आठवडे लागले, आपल्या मुली काही कमी हुशार नाहीत. आणि हे दोन वर्षांनी पुन्हा, त्यानंतर पुन्हा. विषाणूची चाचणी जिथे मिळेल तिथे ती घ्यावी, ती अधिक खात्रीची आहे. मुलींसाठी लसही आहे; पुण्याच्या सीरमने आपल्या देशात बनवलेली २०२३ मध्ये आली. पण लस आजच्या पोरींसाठी, त्यांच्या आयांना तपासणीच हवी.

काही सभासद म्हणतील, आधी उसाला दर द्या, मग समाजसेवा करा. दराबद्दल आमच्या हाती काही नाही आणि असते तर चार पैसे आम्हीही वाढवले असते. पण सभासदाच्या घरातली बाई अंथरुणाला खिळली तर त्या घरच्या उसाचे काय होते ते आम्ही दरवर्षी पाहतो. बेणे वेळेवर मिळत नाही, पाणी चुकते, भांगलण राहते, आणि शेवटी ऑपरेशनसाठी सोसायटीचे कर्ज. दुसरे काही जण म्हणतील, आपल्या बाया असल्या तपासणीला यायच्या नाहीत. असल्फ्याच्या आणि भांडुपच्या डोंगरावर कोण राहते? आपलेच भाऊबंद. मुंबईच्या वस्त्यांत शंभरातल्या ८९ जणी आल्या, इथे का येणार नाहीत?

जाता जाता पुरुष सभासदांना एक. केरळात तिरुवनंतपुरमला तोंडाची नुसती डोळ्यांनी तपासणी केली, तर तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, हा निकाल २००५ चा आहे. तेव्हा वही उघडली की तुम्हीही या, आणि तोंड उघडण्याआधी गालातली चिमूट बाहेर काढून या.

वही आम्ही शेतकी ऑफिसात ठेवली आहे, पीक नोंदीच्या रजिस्टरांच्या शेजारी, लाल पुठ्ठ्याची. संचालक मंडळाचा ठराव व्हायचा तेव्हा होईल. पहिल्या पानावर दोन नावे पडली आहेत, एक आमच्या सौ.चे आणि दुसरे त्या ओव्हरसिअरच्या आईचे, जो म्हणाला होता की हा इषय आपल्या खात्याचा नाही.